पाहुण्याचा जामीन

परराज्यातला माणूस दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला, की वकिलाला त्याचा पहिला प्रश्न कायद्याचा नसतो. शिक्षा, दंड हे सगळं नंतर. आधी तो आवाज खाली करून विचारतो, "साहेब, घरी कळंल का?" हा प्रश्न मी कन्नडमधून ऐकला, तेलुगूतून ऐकला, राजस्थानी ट्रकवाल्यांच्या हिंदीतून ऐकला. उत्तर सगळ्यांना एकच दिलं. तारखेला आलात तर कळणार नाही. आला नाहीत तर तुमच्या गावच्या ठाण्याचा शिपाई वॉरंट घेऊन दारात उभा राहील, आणि शिपाई हळू बोलत नसतो.

आमचं घर मूळचं बिलोलीचं. अब्बांचं बांगड्यांचं दुकान होतं आणि निम्मं गिऱ्हाईक सीमेपलीकडच्या गावांतलं, तेलुगू बोलणारं. बांगडी चढवताना बाईशी बोलत राहावं लागतं. नाहीतर ती हात आखडते आणि काच फुटते. त्यामुळे शाळेत मराठी, घरात दखनी आणि दुकानात तेलुगू अशी माझी वाढ झाली. पुढे वकील होऊन लातूरला आलो तेव्हा जमिनीचे आणि वारसाचे मोठे दावे जुन्या वकिलांकडे होते. माझ्या वाट्याला आले सीमेपलीकडचे ड्रायव्हर. त्यांची भाषा येणारा दुसरा कुणी नव्हता. ही माझी सगळी पुण्याई.

बाहेरच्यांना वाटतं हा किरकोळ गुन्हा आहे. कलम छोटं आहे, ते खरं. पोलीस पकडतात, सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त घेतात, ते प्रयोगशाळेत जातं, अहवाल सावकाश येतो. गुन्हा जामीनपात्र, म्हणजे जामीन हा हक्कच. पण जामीन राहणार कोण? स्थानिक माणूस लागतो, त्याच्या नावाचा सातबारा लागतो. 'हा पळाला तर मी जबाबदार' असं तो कोर्टाला लिहून देतो. परक्या मुलखात, ज्याचं नाव गाव ठाऊक नाही अशा प्यायलेल्या माणसासाठी हे कोण लिहून देणार? माझी खरी वकिली तिथंच असायची. कोर्टातल्या युक्तिवादापेक्षा मी जामीनदार शोधण्यातच जास्त चपला झिजवल्या.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. बीदरचा एक ड्रायव्हर वास जावा म्हणून टोपलीभर कांदे खाऊन आला होता. डॉक्टर दाराबाहेर गेले, दारूमुळे नव्हे, कांद्यामुळे. एक नवरदेव स्वतःच्या वरातीची जीप चालवताना पकडला गेला आणि कोर्टात मुंडावळ्या बांधूनच आला, कारण सासऱ्याला अजून सांगितलं नव्हतं. या गोष्टी मी बार रूममध्ये पुष्कळदा सांगितल्या. नरसय्याची गोष्ट मात्र कधी सांगितली नाही. सांगावी तर वकिलाचं डोकं फिरलं म्हणतील. आता निवृत्त झालो, कुणी काही म्हटलं तरी धंद्यावर परिणाम नाही.

भूकंपाला तेव्हा काही वर्षं झाली होती. पडलेली गावं नव्या जागी, सरळ रेषेतल्या सारख्या घरांत वसली होती. जुनी गावठाणं तशीच होती. दगडांचे ढीग, बाभळी, मधूनच एखादा शाबूत ओटा. लातूर मात्र नव्यानं गजबजायला लागलं होतं. क्लासेसची लाट आली होती. डाळीच्या गिरण्यांच्या मागच्या गल्ल्यांत घराघरांतून मुलींची वसतिगृहं निघाली. कर्नाटकातून, आंध्रातून आई-बाप गाद्या, बादल्या आणि मुलं घेऊन यायचे आणि सगळं इथंच ठेवून रिकाम्या हातानं परत जायचे.

नरसय्या त्यांतलाच. करीमनगरकडचा, भाताच्या गिरणीवर व्यवस्थापक. मेहुण्याची व्हॅन मागून घेऊन मुलीला सोडायला आला होता. मुलीचं नाव श्रावणी, एकुलती एक. तिला वसतिगृहात ठेवून तो निघाला आणि गावाबाहेर ढाब्यावर जेवायला थांबला. एरवी सणासुदीला घेणारा माणूस, त्या दिवशी भरदुपारी पीत बसला. मग अहमदपूर-नांदेडचा रस्ता धरायचा तो सोडून थेट उलट्या अंगाला, दक्षिणेकडे लागला. डांबरी संपली तरी त्याला कळलं नाही. आपण घराकडेच चाललोय असं त्याला वाटत होतं.

मला निरोप धाडला ठाण्याच्या हवालदारानं. मी पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. हवालदार म्हणाला, "हा सोताच रस्त्यावर येऊन जीपला आडवा झाला, साहेब. पळाला न्हाई. पर लई चढलीय. मघापासून आई आई करून राहिला."

बाकावर उंच, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला माणूस बसला होता. ओठ हलत होते. मी जवळ जाऊन ऐकलं. तो 'आई' म्हणत नव्हता. तो म्हणत होता, "अम्माई." तेलुगूत अम्माई म्हणजे मुलगी.

मी तेलुगूत विचारलं, "कुठली मुलगी?"

त्यानं मान वर केली. आपली भाषा ऐकून त्याचे डोळे भरून आले. "मी एका मुलीला उडवलं," तो म्हणाला. "तिला बघा आधी. मला नंतर बघा."

वकील म्हणून अशिलाला गप्प करणं हे माझं काम होतं. पण एखादी पोर रस्त्यावर पडली असेल तर कलमं काय चाटायची? मी हवालदाराला सांगितलं, त्यानं फौजदारसाहेबांना, आणि आम्ही सगळे जीपमधून निघालो. नरसय्या माझ्याशेजारी. दारूचा वास येत होता, पण बोलणं सरळ होतं.

व्हॅन जुन्या गावठाणात उभी होती. पूर्वी गावातून जाणाऱ्या वाटेवर, एका ओट्याला धडकून. पुढचा दिवा फुटलेला, ओट्याच्या दगडाला गाडीचा रंग लागलेला. रक्त नव्हतं. केस नाही, कापडाचा तुकडा नाही. शिपायांनी बाभळींखाली काठ्या घालून पाहिलं. थोड्या अंतरावर विहीर होती, अर्धी ढासळलेली. हवालदारानं जीपमधल्या जेवणाच्या डब्याचं स्टीलचं झाकण काढलं आणि उन्हाचा कवडसा आत पाडला. तो गोल उजेड आतल्या दगडांवरून फिरत फिरत खाली गेला. तळाशी गाळ होता, कोरडा, भेगाळलेला. पाणी आटून फार दिवस झाले असावेत.

"काय न्हाई," हवालदार म्हणाला. "दारूत दिसतं असलं." शिपाई हसले.

हे पटण्यासारखं होतं. मलाही पटलं. मी नरसय्याला तेलुगूत सांगत होतो, तेवढ्यात ओट्याच्या मागून एक म्हातारा उठून उभा राहिला. आम्ही त्याला पाहिलंच नव्हतं. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. हवालदार त्याला ओळखत होता. बसवंतअप्पा त्याचं नाव. नव्या गावात घर मिळालेलं, पण दुपारचा येऊन आपल्या पडक्या घराच्या ओट्यावर बसायचा. व्हॅन त्याच्याच ओट्याला धडकली होती. तो तेव्हा वाटेत होता. आवाज ऐकून आला तेव्हा गाडी रिकामी होती, आणि मग तो ओट्यामागच्या सावलीत बसून राहिला.

"कोण व्हती म्हणतो ह्यो?" त्यानं मला विचारलं.

मी नरसय्याला विचारलं. त्यानं सांगितलं, आणि मी मराठीत सांगत गेलो. पंधरा-सोळाची मुलगी. हिरवा परकर. कमरेवर घागर, भरलेली, कारण त्या बाजूचा परकर ओला होता. विहिरीकडून येत होती. गाडी अंगावर आली तरी पळाली नाही. नुसतं वळून बघितलं. कसं बघितलं? नरसय्या शब्द शोधत राहिला. शेवटी म्हणाला, "चपला घालून स्वयंपाकघरात शिरलेल्या माणसाकडे बघतात तसं."

शिपाई हसायचे थांबले होते. मला वाटलं, म्हातारा आता चिडेल किंवा रडेल. तसं झालं नाही. मग अगदी हलक्या आवाजात त्यानं विचारलं, "अंगानं बरी व्हती का?"

"काय?"

"वाळलीबिळली नव्हती नव्हं? इचारा की त्याला."

मी विचारलं. नरसय्या म्हणाला, "नाही. चांगली होती. दमलेली होती थोडी."

बसवंतअप्पा ओट्यावर बसला. त्याची मुलगी कुसुम भूकंपाच्या पहाटे त्याच घरात गेली होती. विहिरीवर सकाळी गर्दी असते म्हणून ती पाण्याला दुपारी जायची. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "वकीलसाब, आम्ही इथं येऊन बसून राहिलो इतके दिवस. ऊन म्हटलं न्हाई, पाऊस म्हटला न्हाई. आम्हाला एकदा बी न्हाई दिसली. आन ह्या परमुलखातल्या पिलेल्या माणसाला दिसली." आवाजात राग नव्हता. असूया होती. मी वकिलीत पुष्कळ प्रकारची असूया पाहिली, ही तसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कोर्टात जामिनाचा प्रश्न आला. मी जामीनदार शोधायला बाहेर पडणार, तर बसवंतअप्पा सातबारा पिशवीत घालून दारात हजर. कारकुनानं विचारलं, "आरोपी तुमचा कोण?"

"पाहुणा हाय."

"आंध्रातला?"

"हाव."

मी त्याला बाजूला घेऊन जोखीम समजावून सांगितली. हा आला नाही तर कोर्ट तुम्हाला धरेल. तो म्हणाला, "ते चांगलंच हाय की. माझ्यासाठी तरी येईल." तेव्हा माझ्या ध्यानात आलं, त्याला नरसय्याला सोडवायचं नव्हतं. तारखेच्या दोरीनं बांधून ठेवायचं होतं.

आणि नरसय्या आला. प्रत्येक तारखेला आला. परराज्यातले अशील पहिल्या दोन तारखांनंतर दमतात, लांबच्या प्रवासाचं तुणतुणं लावतात. हा आदल्या दिवशीच यायचा, मुलीला भेटायचा, आणि सकाळी कोर्टाच्या आवारात लिंबाखाली येऊन बसायचा. बसवंतअप्पा त्याच्या आधीपासून तिथं. मग माझा पुकारा होईपर्यंत मी दुभाषी. अप्पा विचारायचा, नरसय्या सांगायचा. घागर तांब्याची का पितळेची? केस ओले होते का? पायात काय होतं?

एका तारखेला नरसय्या म्हणाला, "एकाच पायात पैंजण होतं."

मी ते मराठीत सांगितलं आणि अप्पानं तोंडावर हात ठेवला. मग म्हणाला, दुसऱ्या पायातलं तुटलं होतं. सोनाराकडून डाग लावून जोडून आणायला म्हणून त्यानं ते भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी काढून कोटाच्या खिशात ठेवलं होतं. कोट खुंटीवर होता. ढिगाऱ्यातून कोट निघाला. ही गोष्ट त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती. पोरीला एका पायानं पाठवलं असं वाटायचं त्याला.

अप्पा पाणी प्यायला गेला तेव्हा मी नरसय्याला जरा दरडावूनच विचारलं. "खरं सांगा. हे तुम्ही पाहिलं का? का म्हाताऱ्याच्या समाधानासाठी रचून सांगताय?"

तो रागावला नाही. म्हणाला, "त्या दिवशी गाडीतून जेवढं दिसलं तेवढं पहिल्या दिवशीच सांगितलं. पैंजण तेव्हा दिसलं नव्हतं."

"मग?"

"आता ते विचारतात ना, तेव्हा दिसतं."

मी मनाची समजूत घातली. अप्पाच कधीतरी बोलला असेल आणि यानं धरलं असेल. पण दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. अप्पाला तेलुगू नाही, नरसय्याला मराठी नाही, हिंदी दोघांचीही बाजारापुरती. मध्ये मीच होतो, आणि माझ्या तोंडून पैंजणाचा शब्द गेला नव्हता. एकदा दुसऱ्या कोर्टातून परत येताना मी लांबून पाहिलं. दोघं लिंबाखाली बोलत होते, भरभर, मान हलवत, मध्येच थांबून एकमेकांचं ऐकत. मी जवळ गेलो तसे गप्प झाले. कोणत्या भाषेत बोलत होते ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं.

रक्ताचा अहवाल आला. दारूचं प्रमाण मर्यादेच्या पुष्कळ वर. मी म्हटलं, गुन्हा कबूल करा, दंड भरा, परवान्यावर शेरा पडेल, सुटून जा. लढण्यासारखं काही नव्हतं. नरसय्यानं होकाराची मान हलवली, पण उभा राहिल्यावर मला न सांगितलेलं बोलला.

"गुन्हा कबूल आहे का?" कोर्टानं विचारलं.

"कबूल आहे," तो तेलुगूत म्हणाला. "पण मुलीचं कागदावर नाही."

मला ते मराठीत सांगावं लागलं. न्यायाधीश शिस्तीचे होते, लांबण लावलेली त्यांना खपत नसे. त्यांनी कागद उलटले. अपघातात कुणी जखमी नाही, तक्रार नाही, पंचनामा स्वच्छ. ते म्हणाले, "कोणती मुलगी?" मी थोडक्यात सांगितलं. जुन्या गावठाणाचं नाव घेतलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. टंकलेखकाचे हात यंत्रावर तसेच राहिले. त्या भागात असा कुणी नव्हता ज्याचं त्या मातीखाली काही गेलं नव्हतं.

"तिला लागलं का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही," नरसय्या म्हणाला. "तेव्हा मला वाटलं लागलं. पण ती बघून पुढे गेली."

न्यायाधीशांनी मान डोलावली, चष्मा परत लावला आणि दंड सांगितला. ते दोन प्रश्न आणि दोन उत्तरं कागदावर नाहीत. असायला हवी होती असं मला अजून वाटतं, पण कुठल्या कलमाखाली, ते मला आजही सांगता येणार नाही.

बाहेर आलो. मी अप्पाला म्हटलं, "झालं. तुमचा जामीन मोकळा."

"म्हंजे आता तारीख न्हाई?"

"नाही."

तो एकदम आणखी म्हातारा दिसायला लागला. नरसय्याला मी काही सांगायच्या आधीच त्याला कळलं असावं. त्यानं अप्पाचा हात धरला आणि मला म्हणाला, "वसतिगृहवाल्यांना स्थानिक पालक पाहिजे. इथला ओळखीचा माणूस, मुलीची चौकशी करणारा. यांना विचारा, होतील का."

अप्पा झाला. दर रविवारी एसटीनं लातूरला यायचा. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी करडईची भाजी. दारातल्या बाकावर बसून श्रावणी जेवताना बघायचा आणि परत जायचा. नरसय्याचं येणं थांबलं नाही, पण कमी झालं. त्यानं दारू सोडल्याचं कळलं. त्या जुन्या वाटेनं मात्र तो पुन्हा कधी गेला नाही.

बरेच महिने गेले. मी एकदा क्लासच्या गल्लीतून चाललो होतो तेव्हा श्रावणी भेटली. पाठीला दप्तर, हातात चहाचा कागदी कप. तेलुगू बोलायला मिळालं म्हणून खूश झाली. मी अप्पाची चौकशी केली.

"येतात ना दर रविवारी," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "काका, ते मला कुसुम म्हणून हाक मारायचे."

मी रस्त्याच्या कडेला सरकलो.

"पहिल्यांदा मी दुरुस्त करायची. अप्पा, मी श्रावणी. ते हो म्हणायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. मग मी ओ द्यायला लागले. त्यांना वाईट वाटू नये, म्हणून."

"वडिलांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, ओ देत जा."

गल्लीतून सायकली चालल्या होत्या, क्लास सुटला होता. तिनं कप चुरगाळून मुठीत धरला.

"दिवाळीच्या आधीची गोष्ट. भरदुपारी आले. फाटकातूनच हाक मारली, कुसुम. मी जिन्यावर होते. ओ देणार, तेवढ्यात कुणीतरी दिली."

"कुणी?"

"माहीत नाही. फाटकाबाहेरून, रस्त्याच्या बाजूनं. मला वाटलं दुसरी कुणी कुसुम असेल. मी खाली आले तर अप्पा पाठमोरे उभे होते, रस्त्याकडं बघत. रस्त्यावर कुणी नव्हतं, काका. ते तिकडंच बघत हसत होते. मग त्यांनी डबा माझ्या हातात दिला. नेहमी मी जेवेपर्यंत बसतात, त्या दिवशी बसले नाहीत. घाईनं गेले."

"आणि आता?"

"आता येतात की. तसंच. भाकरी आणतात, बसतात." ती दप्तर सारखं करत म्हणाली, "फक्त तेव्हापासून ते मला श्रावणी म्हणतात."